मोरजीतला माझा रशियन भाडेकरू आत आहे. त्याचे हक्क नेमके काय?

शेवंतीफूल (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागातच सापडते, त्यामुळे धागा चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मोरजीला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, सीझनला भाड्याने देतो. परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचा फॉर्म वेळच्या वेळी भरते, त्यात कधी हयगय नाही. यंदा एका खोलीत तिशीचा एक रशियन मुलगा होता. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी समुद्र. आवाज नाही, पार्टी नाही, कपबशी स्वतः धुवायचा. गुरुवारी रात्री पोलीस आले, झडती झाली, आणि चार ग्रॅम कसलीशी गोळ्यांची पूड सापडली म्हणून त्याला घेऊन गेले. खरं-खोटं मला माहीत नाही आणि ते मी विचारतही नाहीये.

डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. पडवीतल्या टेबलावर कागद ठेवले होते, सगळे इंग्रजीत. त्याला इंग्रजी येतं ते 'हाऊ मच' आणि 'नो स्पायसी' इतकंच. फोनवर भाषांतर करून वाचायला लागला तर फोन काढून घेतला. मग हवालदाराने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे त्याने सही केली. पाच-सहा ठिकाणी.

शनिवारी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मधे एक मैत्रीण भाषांतर करत होती, आई नुसती रडत होती. मी म्हटलं, मुंबईत तुमची वकिलात आहे, तिथे फोन करा. सासूबाई शेजारी बसून म्हणाल्या, "वकिलातीला कळवलं म्हणजे वकील मिळाला ना गो?" मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रश्न असे: परदेशी माणसाला आपल्याकडे वकील मिळतो का? त्याच्या देशाला कोण कळवतं? मी त्याला भेटू शकते का? आणि त्याने केलेल्या सह्यांचं काय?

कोकमसार (सोमवार, रात्री ११:१५)

ताई, राग मानू नका, पण कसले हक्क? इथे यायचं, किनाऱ्याची वाट लावायची आणि पकडले की हक्क. २०१३ मध्ये नायजेरियन लोक पर्वरीला हायवे अडवून बसले होते तेव्हा माझी आई म्हापश्याहून येताना तीन तास बसमध्ये अडकली होती. आमचा एखादा पोर तिकडे सापडला तर त्याला कोण विचारतं?

वाचनवेडी_फोंडा (सोमवार, रात्री ११:२२)

वाचतेय. इथे वकील मंडळी आहेत, त्यांना हाक मारा.

काळा_कोट (मंगळवार, सकाळी ७:४०)

हाक ऐकली. बार्देशात वीस वर्षं फौजदारी करतोय. शक्य तितकं सोपं करून लिहितो. हा सल्ला नव्हे, माहिती आहे. सल्ल्यासाठी कागद बघावे लागतात.

आधी सासूबाईंचं. वकील वेगळा, वकिलात वेगळी. वकिलातीचा माणूस भेटायला येतो, घरी निरोप देतो, वकील शोधून द्यायला मदत करतो. तो कोर्टात उभा राहत नाही आणि आरोपीला सोडवूनही नेऊ शकत नाही. कोर्टातला वकील फुकट मिळण्याचा हक्क वेगळ्या कायद्यातून येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा. जो कोठडीत आहे त्याला मोफत वकील. उत्पन्न किती, देश कुठला, हे तिथे विचारलेलंच नाही. तालुका समितीकडे साधा अर्ज पुरतो, आणि तुरुंगातूनही तो करता येतो.

आता मूळ गोष्ट. आपली घटना लिहिणाऱ्यांनी शब्द निवडून वापरलेत. भाषण, संचार, व्यवसाय देणारं कलम १९ 'नागरिकां'साठी आहे. जीव आणि स्वातंत्र्याचं कलम २१, अटकेबाबतचं कलम २२, ही मात्र 'व्यक्ती'साठी. (२२ मध्ये शत्रूराष्ट्राचा नागरिक वगळलाय, तो मुद्दा इथे नाही.) हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर अत्याचार झाला, त्या प्रकरणात २००० साली रेल्वेचं म्हणणं होतं की ती परदेशी, तिला मूलभूत हक्क कुठले? सुप्रीम कोर्टाने ते उडवून लावलं आणि दहा लाखांची भरपाई कायम ठेवली. म्हणजे कोकमसार, तुमचा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी विचारून झालाय.

तेव्हा चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, अटकेची कारणं सांगणं, पसंतीचा वकील, हे सगळं त्या मुलालाही लागू. कारणं नुसती तोंडी पुटपुटून भागत नाही. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की ती लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यायची. त्यामुळे तुम्ही पडवीत जे पाहिलं ते त्याच्या वकिलाला जसंच्या तसं सांगा. 'बोट ठेवलं तिथे सही' हे वाक्यसुद्धा.

खटल्यातला दुभाषी हाही हक्क आहे, उपकार नव्हे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, कलम १४ मध्ये, मोफत दुभाषा स्पष्ट लिहिलाय. भारत १९७९ पासून त्या करारात आहे. आता गोव्यात ऐन वेळी रशियन दुभाषी कुठून आणायचा ही वेगळी रड. एकदा एका केसमध्ये शॅकवर काम करणाऱ्या नेपाळी पोराला आणलं होतं. त्याला मेनूपुरतं रशियन येत होतं.

वकिलातीला कळवण्याबद्दल संध्याकाळी लिहितो, अशिलं येऊन बसलीत.

मांडवीकाठ (मंगळवार, दुपारी १:०५)

कोकमसार यांनी विचारलं की आपला पोर तिकडे सापडला तर कोण विचारतं. भारताने विचारलं होतं की! कुलभूषण जाधव. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत गेला तो वकिलातीला कळवण्याच्या याच हक्कासाठी. १९६३ चा व्हिएन्ना करार, कलम ३६. पाकिस्तानचं म्हणणं, हेराला हे कलम लागू नाही, शिवाय २००८ चा आपसातला करार आहे. कोर्टाने दोन्ही फेटाळलं, १७ जुलै २०१९, पंधरा विरुद्ध एक. अटकेनंतर तीन आठवड्यांनी भारताला कळवलं, तेवढा उशीरही करारभंग ठरला. आपले नागपूरचे हरीश साळवे उभे होते, फी एक रुपया.

आपण जगासमोर उभं राहून 'विनाविलंब' म्हणजे तीन आठवडे नव्हे असं म्हणालो. मग ते आपल्या ठाण्यातही लागू होतं.

कोकमसार (मंगळवार, दुपारी १:३०)

ठीक, पण निष्पन्न काय? जाधव अजून आतच आहेत ना?

मांडवीकाठ (मंगळवार, दुपारी १:४४)

आहेत. कोर्टाने सोडा म्हटलं नाही, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा म्हटलं. फाशी मात्र थांबली. अमेरिकेने तर तेवढंही पाळलं नव्हतं. १९९९ मध्ये ॲरिझोनात लाग्रांद नावाच्या दोन जर्मन भावांना मृत्युदंड दिला. त्यातल्या दुसऱ्याचा थांबवा म्हणून हेगचा आदेश आला होता, तरी त्याच दिवशी दिला. २००१ मध्ये कोर्टाने सांगितलं की कलम ३६ चा हक्क देशाचा तर आहेच, त्या माणसाचाही स्वतःचा आहे. तोवर जीव गेलेला.

तारवटी_वास्को (मंगळवार, रात्री ९:१०)

मी बोटीवरचा माणूस, कायदा कळत नाही. पण आत बसून आलोय म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेच्या एका बंदरात आमची बोट अडकवली. मालकाचं आणि तिथल्या सरकारचं काहीतरी पैशांचं भांडण. पासपोर्ट काढून घेतले, बोटीवरच पहारा. तिसऱ्या दिवशी एकजण फ्रेंचमध्ये टाईप केलेला कागद घेऊन आला, म्हणाला सही करा, उद्या सोडतो. आमच्यातल्या दोघांनी केली. मी केली नाही. शहाणपण नव्हतं हो, माझा चष्मा सापडत नव्हता.

त्या देशात आपली वकिलात नव्हती, शेजारच्या देशातली तिथलं बघायची. तिथून साहेब यायला पंधरावडा लागला. आला तो एकटाच, घामाघूम, हातात पिशवी. पिशवीत लोणच्याची बाटली आणि तंबाखू. तो काय म्हणाला ते पाठ आहे: "मी तुमचा वकील नाही, तुमचा दंड भरू शकत नाही, तुम्हाला आज घरी नेऊ शकत नाही. घरचा नंबर द्या आणि कळल्याशिवाय कशावर सही करू नका." बायकोशी दोन मिनिटं बोलायला त्याने स्वतःचा फोन दिला. मी रडलो नाही, पण बोलताही येईना. तीच ओरडत होती, 'हांव आयकतां रे, उलय, उलय' (ऐकतेय मी, बोल, बोल).

सही केलेल्या दोघांचं प्रकरण सर्वांत लांबलं. कागदात काय होतं ते शेवटी कळलं, 'आम्हाला बेकायदा मालाची कल्पना होती' असं काहीतरी.

काळा_कोट (मंगळवार, रात्री १०:३०)

तारवटी भाऊ, तुमच्या त्या साहेबाने माझं अर्धं काम केलं.

कलम ३६ चा गाभा इतकाच. अटक झालेल्याला पोलिसांनी सांगायचं, की तुझ्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने हो म्हटलं तर विनाविलंब कळवायचं. मग वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं, बोलू द्यायचं, पत्रं जाऊ द्यायची.

माझ्या अनुभवात पोलीस दुसरी पायरी करतात, पहिली विसरतात. परदेशी नोंदणी कार्यालयाला पत्र जातं, तिथून पुढे दिल्लीला, मग दूतावासाला. फाईलमध्ये जावक क्रमांक असतो, सगळं रीतसर. पण त्या माणसाला कोणी काही विचारलेलंच नसतं. कागदोपत्री हक्क देऊन झाला, ज्याचा हक्क त्याला पत्ताच नाही.

त्याचं एक कारण कायद्यातच आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांबद्दलचा १९६१ चा व्हिएन्ना करार आपण १९७२ मध्ये कायदा करून घरात आणला. वाणिज्य दूतावासांच्या १९६३ च्या करारात भारत १९७७ मध्ये सामील झाला, पण त्याचा तसा कायदा केला नाही. त्यामुळे हा हक्क परिपत्रकांवर आणि तुरुंगाच्या नियमांवर तरंगत राहतो. कोर्टापुढे आम्ही कलम २१ ला धरून तो वाचायला सांगतो. आणि स्पष्टच सांगतो, केवळ वकिलातीला कळवलं नाही एवढ्यावर खटला पडत नाही. सह्या, भाषा, झडती यांच्याबरोबर मांडला तर वजन येतं.

सासष्टीकार (बुधवार, सकाळी ९:२०)

थोडं अवांतर. आमच्या वाड्यावर निम्म्यांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. कुडतरीत जन्मलेला, चर्चच्या फेस्ताला बँडमध्ये वाजवणारा माणूस, उद्या त्याला मडगावला अटक झाली तर तोही 'परदेशी कैदी'?

काळा_कोट (बुधवार, सकाळी ९:५०)

हो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्याची वकिलात पणजीला आल्तिनोवर. गंमत अशी की त्याला वकिलातीचा माणूस भेटायला आला तर दोघं कोंकणीतच बोलतील. नुसती लिस्बनला जन्मनोंद केली, पासपोर्ट घेतला नाही, असं असेल तर प्रकरण गुंतागुंतीचं. त्यासाठी वेगळा धागा काढा.

जुनी_पणजी (बुधवार, दुपारी ४:१५)

पोर्तुगालचा विषय निघालाच आहे तर मोहन रानड्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सांगलीचा माणूस, इथे मराठीचे शिक्षक म्हणून आले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, इथे आपण मिरवणुका काढल्या, आणि रानडे तिकडे कोठडीत. सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

भेटायला जाणार कोण? भारताने लिस्बनमधली वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती. संबंध पुन्हा जुळले ते १९७४ च्या अखेरीला. मुक्तीनंतर गोव्यात पकडलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक होते. त्यांना जिनिव्हाचा युद्धकैद्यांचा करार लागू, ते मे १९६२ पर्यंत परतही गेले. सैनिक सहा महिन्यांत घरी, शिक्षक सात वर्षं आत. त्यांच्या सुटकेसाठी विमोचन समिती काढावी लागली, सुधीर फडके त्यात होते. वकिलातीचं काम गायकाने केलं असं माझे वडील म्हणायचे.

आग्वादचा तुरुंग आता म्युझियम आहे. पोरं सेल्फी काढतात. कैदी कोलवाळला.

शेवंतीफूल (गुरुवार, रात्री १०:०५)

सगळ्यांचे आभार. भेटले त्याला आज कोलवाळला. एक तास रांगेत, मग काचेपलीकडे तो, मधे फोन. काळाकोट यांनी सांगितल्याप्रमाणे विधी सेवेचा अर्ज झालाय, वकील बाई मिळाल्यात, तरुण आहेत पण मन लावून ऐकतात. वकालतनाम्यावर त्याने रशियन अक्षरांत सही केली तर कारकून म्हणाला, ही सही की चित्र?

पण मी एक घोळ करून बसले आहे. मी त्याला उत्साहाने सांगायला गेले की तुझ्या आईने तुझ्या कॉन्सुलला फोन केलाय. त्याचा चेहरा पडला. फोन खाली ठेवला, परत उचलला, आणि म्हणाला, "नो कॉन्सुल. प्लीज. नो." मग तुटक तुटक जे कळलं ते असं: २०२२ च्या सप्टेंबरात तिकडे सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा तो निघाला, परत गेलेलाच नाही. पासपोर्टही संपत आलाय. त्याच्या लेखी वकिलात म्हणजे त्याला शोधणारं सरकार.

मी मदत करायला गेले आणि त्याचं काय करून बसले? झोप नाही मला.

तारवटी_वास्को (गुरुवार, रात्री १०:२०)

बाय, तुका कितें खबर आशिल्लें? जीवाला लावून घेऊ नका. मला वकिलात म्हणजे लोणचं. त्याला नाही. तुम्ही कसं ओळखणार.

काळा_कोट (गुरुवार, रात्री ११:३५)

धाग्याचा खरा मुद्दा आत्ता आला. मीही पहिल्या प्रतिसादात हे लिहायला हवं होतं, चूक माझी.

कलम ३६ मध्ये 'त्याने विनंती केली तर' हे शब्द आहेत ते शोभेला नाहीत. पुढे असंही आहे, की त्याने स्पष्ट विरोध केला तर वकिलातीच्या अधिकाऱ्याने त्याच्या वतीने काही करू नये. पोलिसांनी पहिली पायरी गाळली की नुकसान होतं ते इथे. विचारलं असतं तर तो तेव्हाच नाही म्हणाला असता.

आईने स्वतः फोन केला यात तुमचा काही गुन्हा नाही, आई करणारच होती. आता करायचं ते हे: वकील बाईंना सांगून त्याच्याकडून लेखी घ्या की मला वकिलातीची भेट नको. एक प्रत तुरुंग अधीक्षकांना, एक कोर्टाच्या फाईलला. अर्जात कारण लिहायची गरज नाही, आणि इथे खुल्या धाग्यावर याहून जास्त तपशील लिहू नका. वरचा परिच्छेदही संपादकांना सांगून उडवा.

ज्यांना आपल्या देशाच्या वकिलातीची भीती आहे त्यांचा विचार नेल्सन मंडेला नियमांत केलाय. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे कैद्यांचे नियम, त्यातला ६२ वा. निर्वासितांना त्यांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय संस्थेशी संपर्काची सोय द्यावी असं त्यात आहे. भारत १९५१ च्या निर्वासित करारात नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं कार्यालय दिल्लीत आहे. वकील बाई त्यांना लिहू शकतात. मिळेलच असं म्हणत नाही. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, अजून मान्यता दिलेली नाही, त्यामुळे तो आधार लुळा आहे.

जामिनाचं बघू. एमडीएमए (एक्स्टसी) असेल तर दहा ग्रॅमच्या वर व्यावसायिक मात्रा, चार ग्रॅम त्याच्या आत. म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३७ ची जामीन अडवणारी जाचक अट नाही आणि ६० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा. पूर्वी परदेशी आरोपीला अमली पदार्थांच्या खटल्यात सांगायचे, दूतावासाचं पत्र आण की हा पळून जाणार नाही. १९९४ च्या निकालातून ते आलं होतं. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सांगितलं, की पत्र देणं आरोपीच्या हातात नाही, ते मिळालं नाही म्हणून जामीन अडवायचा नाही. त्याच निकालात, आरोपीने गूगल नकाशावर आपला ठावठिकाणा सतत दाखवत राहायचा ही अटही कलम २१ च्या विरुद्ध ठरवली. वकिलातीचं दार बंद ठेवू पाहणाऱ्या तुमच्या मुलाला या निकालाचा उपयोग इतरांपेक्षा जास्त.

खरी अडचण जामिनानंतरची. पासपोर्ट संपला, व्हिसा संपला, की २०२५ चा नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा. खटला चालू आहे म्हणून देश सोडता येत नाही, व्हिसा नाही म्हणून राहता येत नाही. तुरुंगातून सुटून म्हापश्याच्या जुन्या सबजेलमधल्या स्थानबद्धता केंद्रात, अशी माणसं मी पाहिलीत. निर्दोष सुटलेलीसुद्धा. तेव्हा व्हिसाचा अर्ज आजपासूनच कोर्टाला कळवून करायचा.

कोकमसार (शुक्रवार, सकाळी ८:००)

माझं मत फारसं बदललेलं नाही. पण ती फोन काढून घेऊन सही घेतल्याची गोष्ट मला खटकली. आमच्या भाच्याला दुबईत अरबी कागदावर अशीच सही करायला लावली होती. शेवंतीताई, जामीनदार लागला तर राहणार का तुम्ही?

शेवंतीफूल (शुक्रवार, दुपारी ३:३०)

घरात भांडण चालू आहे त्यावरून. नवरा म्हणतो सीझनचं भाडं गेलं ते गेलं, आता घराचा उतारा कोर्टात लावायचा काय? सासूबाई म्हणतात, कपबशी धुणारा मुलगा आहे, राहा. वकील बाई म्हणाल्या, स्थानिक जामीनदारच हवा असा हट्ट धरू नये असं सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये म्हटलंय, रोख रकमेवर मागून बघू.

लेखी नकार दिला गेला. अधीक्षकांचा शिक्का मिळाला. संपादक, माझ्या गुरुवारच्या प्रतिसादातला तो भाग काढा प्लीज.

त्याने काही मागितलं नाही. फारच विचारलं तेव्हा म्हणाला वाचायला काहीतरी, रशियन. ते कुठे मिळेल?

तारवटी_वास्को (शुक्रवार, संध्याकाळी ६:४५)

मोरजीतच विचारा, रशियन लोक परत जाताना कॅफेंमधून पुस्तकं ठेवून जातात. जाड पुठ्ठ्याचं घेऊ नका, गेटवर पुठ्ठा उसवून बघतात. आणि पानांवर कुणी पेनने काही लिहिलेलं नाही ना ते बघा, नाहीतर परत करतात.